मयताचं दार

मारेत्ये कॉर्व्हरच्या घराला दारं दोन. मागचं रोजचं. दूध, कोंबड्या, पाहुणे, पाद्रीबुवा, सगळे तिथूनच ये-जा करायचे. रस्त्यावरचं पुढचं दार मयताचं. नवरी घरात घ्यायची तेव्हा आणि पेटी बाहेर काढायची तेव्हा, एवढंच ते उघडायचं. त्याला बाहेरून कडी नाही, खाली पायरी नाही. आम्सटरडॅमच्या उत्तरेला, पाण्याच्या कडेनं वसलेल्या त्या गावात सगळ्याच जुन्या घरांना असं दार होतं.

दाराचे नियम दोन. ते उघडलं की रस्त्यावरच्या माणसानं टोपी काढायची आणि मान खाली घालायची. मयत पुढे जाईपर्यंत वर बघायचं नाही. दुसरा नियम असा, की दार रिकामं उघडायचं नाही. नवरी नाही, मयत नाही आणि दार उघडलं, तर ते घरातलंच एक माणूस मागून घेतं. पाद्रीबुवा याला थोतांड म्हणायचे. मारेत्येनं एकदा त्यांना तोंडावर ऐकवलं, "मग बुवा, आधी तुमचं उघडून दाखवा की." बुवांनी काही उघडलं नाही.

बाई तशी फटकळच. नवऱ्याची पेटी त्या दारानं गेली त्याला नऊ वर्षं झालेली. एकुलत्या एका मुलाला, सायमनला, जर्मनांनी कारखान्यात राबायला धरून नेलं होतं. घरात ती आणि चार गाई. अशात एका हिवाळ्यात गावच्या डॉक्टरांनी सेल्माला आणून सोडलं. एकोणीस वर्षांची ज्यू मुलगी, शिंप्याची लेक, आईबाप आधीच आगगाडीत कोंबून पूर्वेला नेलेले. डॉक्टर म्हणाले, आठच दिवस. मारेत्ये करवादली, "मला कुणी विचारलं होतं का?" आणि तिनं सायमनचे लोकरीचे मोजे काढून मुलीच्या पायात घातले. आठ दिवसांचे वीस महिने झाले.

सेल्माला तिनं पुढच्या बंद खोलीत ठेवलं. भिंतीतल्या कपाटाच्या आत बिछाना, आणि त्याला लागूनच मयताचं दार. त्या खोलीकडे गावातलं कुणी फिरकायचं नाही. कळलं मात्र सगळ्यांना होतं. शेजारची आफ्ये कुंपणावरून विचारायची, "मारेत्ये, एकटी बाई तू, आणि ताटं दोन कशी गं धुतेस?"

"एकात गरम खाते, एकात गार. तुला काय करायचंय?"

"मला कशाला? बटाटे जास्त झालेत, घेऊन जा."

त्या शरद ऋतूत मयताचं दार वाजू लागलं. आधी सेल्मानं ऐकलं. "मावशी, दाराला आतल्या बाजूनं कुणीतरी नखं लावतं."

"वारा असेल."

"वारा पडलाय."

मारेत्येनंही ते ऐकलं होतं. दार आतून अडवणाऱ्या आडव्या लाकडाच्या, आडण्याच्या, बोटभर वर ते सुरू व्हायचं आणि हळूहळू वर सरकायचं. उंदीर असता तर तिला आनंदच झाला असता. शेवटी तिनं मुलीला दाराचा नियम सांगून टाकला. सेल्मा दारापासून लांब सरकली. मग म्हणाली, "मावशी, काहीही झालं तरी हे उघडू नकोस. सायमन परत येईपर्यंत तरी."

"उघडायला मी काय वेडी आहे?"

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, सकाळी दहाला, जर्मनांचा ट्रक आला. दोन सैनिक आणि शहरातला एक पोलीस मागच्या दारानं गोठ्यात शिरले आणि गवताच्या गंजीत संगिनी खुपसू लागले. एक कोवळा सैनिक रस्त्यावर पहाऱ्याला राहिला. मारेत्ये पुढच्या खोलीत आली तेव्हा सेल्मा उभीच होती. गोठ्यापासून त्या खोलीपर्यंत मध्ये फक्त स्वयंपाकघर.

मारेत्येनं चर्चला जायचा आपला काळा झगा मुलीच्या अंगावर टाकला, टोपडं कपाळाखाली ओढलं आणि आडण्यावर हात ठेवला. सेल्मानं तो हात घट्ट धरला. "नको ना. सायमन..."

"सोड हात," मारेत्ये म्हणाली. तिचा दारावर पुरता विश्वास होता, पाद्रीबुवांवर नसेल इतका. "सायमन, बाळा, मला माफ कर," असं ती मोठ्यानं म्हणाली आणि तिनं आडणा ओढला.

दार ओरडत उघडलं. शेजारी आपल्या घरापुढे आफ्ये गुडघ्यावर बसून फरशी घासत होती. तिनं दार बघितलं आणि मान खाली घातली. मग उठून न बघताच आपल्या खिडक्या लावू लागली, मयताला लावतात तशा. पलीकडच्या घरानं लावल्या, त्याच्या पलीकडच्यानं लावल्या. सगळी आळी फळ्यांच्या आवाजानं मिटत गेली आणि नंतर बदकांचाही आवाज उरला नाही. सेल्मानं खाली उडी मारली. म्हातारा हार्मेन सुतार टोपी काढून तिच्या मागे चालू लागला, कारण मयताला एकटं जाऊ द्यायचं नसतं. त्याच्यामागे दोघं, मग चौघं. पहाऱ्यावरचा पोरगा या खाली झुकलेल्या माना बघून गांगरला. त्याच्याही गावात माणसं मरत असतीलच. शिरस्त्राण काढून तो बाजूला झाला.

पुढे सेल्मा सांगायची, की धक्क्यापर्यंत एकानंही तिच्याकडे बघितलं नाही, आणि अर्ध्या वाटेवर तिला खरंच वाटलं की आपण मेलोय. ती झग्यातून हात काढून बघत होती. हार्मेननं होडीत तिच्यावर ताडपत्री टाकली आणि दुपारपर्यंत ती तळ्यापार झाली.

पोलिसाला बिछाना ऊबदार लागला. "इथं कोण झोपतं?"

"मी."

"आणि हे दार उघडं कशाला?"

"हवा यायला."

त्यानं तिच्या मुस्कटात मारली आणि रस्त्यावर जाऊन एकेकाला विचारलं, कोण गेलं बाहेर? सगळ्यांनी खरं तेच सांगितलं, "साहेब, आम्ही मान खाली घातली होती." शेवटी दोन गाई घेऊन ते निघून गेले. मारेत्येनं दार लावलं. त्या रात्रीपासून नखांचा आवाज बंद झाला. तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

युद्ध संपल्यावर जूनमध्ये सायमनबरोबर काम करणारा एकजण आला. कारखान्यावर बॉम्ब पडला, सायमन गेला, तिथंच सगळ्यांना एका खड्ड्यात पुरलं.

"कधी?"

"पानगळ होती, मावशी."

"मंगळवार होता का रे?"

"तिथं वार कुणाला कळत होते?"

ऑगस्टमध्ये सेल्मा आली, मागच्या दारानं. मारेत्ये आणि आफ्ये बटाटे सोलत होत्या. मुलीनं बसायच्या आधीच विचारलं, "सायमन?"

"आला की," मारेत्ये सुरीवरून नजर न काढता म्हणाली. "आठ दिवस राहिला आणि बोटीवर कामाला लागला. निघाला ऑस्ट्रेलियाला. आईचं ऐकायचं कधी?"

आफ्येची सुरी क्षणभर थांबली. "जाताना माझे सगळे पेअर संपवून गेला मेला," ती म्हणाली, "हावरट कुठला."

सेल्मानं टेबलावर डोकं ठेवलं आणि ती इतकी रडली, की दोघींना तिच्याकडे बघवेना.

पुढे ती हार्लेममध्ये संसाराला लागली. दर नववर्षाला तिचं पत्र यायचं, आणि सायमनची ख्यालीखुशाली लिहिणं मारेत्येला भाग पडायचं. त्यानं जमीन घेतली. लग्न केलं. मुलगी झाली. पत्र लिहिताना आफ्ये जवळ बसायची. "यंदा जुळी होऊ देत."

"गप. तिकडे दुष्काळ पडलाय."

सेल्मा त्या नातीसाठी दरवर्षी एक लोकरीचा झगा विणून पाठवायची, पुढे पाठवून दे म्हणून. दरवर्षी एक माप मोठा. मारेत्ये ते कपाटातल्या बिछान्यावर रचून ठेवायची. सातव्या वर्षीचा निळा झगा तिनं खिडकीशी नेऊन उलटसुलट बघितला, बाही ओढून बघितली आणि कपाळाला आठी घातली.

"हिला नाही व्हायचा हा," ती म्हणाली. "बापावर गेलीये, हात लांब आहेत तिचे."

आफ्येनं तिच्या तोंडाकडे बघितलं. मारेत्ये थट्टा करत नव्हती.

"मग लिही सेल्माला," आफ्ये म्हणाली. "पुढच्या खेपेला बाह्या लांब ठेव म्हणावं."