आषाढातली विटी

नाव : मन्मथ ईश्वरप्पा हुडगे. पद : सहशिक्षक, प्राथमिक शाळा, खडकमाळ, शाळा एकशिक्षकी, सबब मुख्याध्यापक, कारकून व शिपाई हे तिन्ही कार्यभार सदर इसमाकडेच. बांधा मध्यम, वर्ण सावळा. ओळखीची खूण : उजव्या भिवईत व्रण, लहानपणी विटी लागल्याचा. जिल्हा : आधी उस्मानाबाद, ब्याऐंशीपासून लातूर; दरम्यान सदर इसम जागचा हललेला नाही. विशेष प्रावीण्य : गणित. वर्तणूक : समाधानकारक. तक्रारी : एक. पाऊस घालवल्याबद्दल.

ही तक्रार लेखी नव्हती, त्यामुळे तिची चौकशी झाली नाही. चौकशी झाली असती तर तक्रार बहुधा खोटी ठरली असती. तोंडी तक्रारीला ती अडचण नसते.

चाकूरच्या अलीकडे सडक सोडून माळाला लागलं की खडकमाळ येतं. लातूर जिल्हा झाला त्या दिवशी सरपंच गुरुपादप्पांनी गावात पेढे वाटले, स्वतःच्याच दुकानातले. जिल्ह्याबरोबर पाणीही येईल असं कुणी म्हणालं नव्हतं, पण लोकांनी तसं धरून ठेवलं होतं. पाणी आलं नाही. शहाऐंशी सालच्या जूनमध्ये शिक्षणाचं नवं वार्षिक नियोजन मात्र आलं. जुन्या नियोजनात गुणाकार दिवाळीनंतर असायचा. नव्यात तो जुलैत बसवला होता. का, ते त्यात लिहिलेलं नव्हतं, आणि गुणाकाराला ऋतू असतो हे वर कुणाला ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं. खडकमाळमध्ये तो होता, कारण हुडगे गुरुजी गुणाकार विटीदांडूवर शिकवायचे.

रीत सोपी होती. विटीला टोला मारायचा, ती पडेल तिथपासून गलीच्या खळग्यापर्यंत दांडूनं जमीन मोजत यायचं. मोजणी गावाचीच : वकट, लेंड, मुंड, नाल, वैद, आर, झंकू. सात झाले की पुन्हा वकट. या शब्दांपैकी पुष्कळसे तेलंगणातून चालत आलेले आहेत. पोरांना ते माहीत नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं अडत नव्हतं. गुरुजी विचारायचे, "चार झंकू आणि वर मुंड. किती दांडू झाले?" सात चोक अठ्ठावीस आणि तीन, एकतीस. उलटं विचारलं की भागाकार व्हायचा. पाटीवर साताचा पाढा म्हणताना ज्यांची बोबडी वळायची ती पोरं मैदानात साताच्या पाढ्यावरून एकमेकांच्या गचांड्या धरायची. गुरुजी हे शैक्षणिक प्रगतीचं लक्षण मानायचे.

त्या वर्षी या रीतीवर एका मुलीची शाळा अवलंबून होती. पंचशीला तिसरीत दोनदा बसली होती. मराठी बरं होतं. गणितात पाटीकडं बघत तासभर गप्प राहायची. तिची आई सरजाबाई रोजगार हमीच्या तळ्याच्या कामावर होती. शाळा उघडली त्या आठवड्यात ती दारात येऊन उभी राहिली.

"गुरुजी, तीन सालं एकाच फरशीवर बसवून काय देव घडवायचाय का हिचा? दिवाळीच्या परीक्षेला गणितात पास झाली तर ठेवते. न्हाई तर माझ्यासंगं कामावर."

"लहान पोरांना घेत नाहीत कामावर."

"मजुरीला घेत न्हाईत. टोपल्याला हात लावला तर कोण नको म्हनतंय?"

"दिवाळीपर्यंत दम धरा, सरजाबाई."

"मी धरते. तुमी तिला सांगा, दम धरू नको म्हनावं, जरा तोंड उघड."

जुलैत विटी बाहेर निघाली आणि पंचशीलानं तोंड उघडलं. एका पोरानं टोला मारला. विटी लांब बाभळीखाली पडली. दांडू अजून टेकलाही नव्हता, तोच मागून आवाज आला, "पाच झंकू नाल."

गुरुजींनी मोजलं. पाच झंकू नाल, म्हणजे एकोणचाळीस. पोरं म्हणाली, फेकली. पुढच्या टोल्याला तिनं पुन्हा आधी सांगितलं, आणि मोजणीत एकाचा फरक पडला.

"चुकलीस," गुरुजी म्हणाले.

"दांडू तिरपा ठेवलाव तुमी," ती म्हणाली.

ठेवला होता. गुरुजींनी पुन्हा मोजलं आणि विटी तिच्या हातात दिली. मुलींनी टोला मारायची गावात चाल नव्हती. तिचा टोला शाळेच्या कौलांवरून गेला. पंधरा दिवसांत ती पाटीवरही गुणाकार मांडू लागली. आधी डोळे मिटून मैदान आठवायची, मग आकडा लिहायची. गुरुजींनी घरी बायकोला सांगितलं की ही पोर पास होते. महानंदाबाई म्हणाल्या, "पोर होईल हो पास. आभाळाचं काय?"

आभाळ नापास होत चाललं होतं. मृगाच्या एका सरीवर पेरण्या झाल्या आणि मग पाऊस गेला तो गेलाच. ढग रोज दुपारी धर्माबादेकडून यायचे, गावावर थांबल्यासारखे करायचे आणि पांगायचे. उगवलेली ज्वारी बोटभर होऊन पिवळी पडली. आणि गावात खेळांचे दिवस ठरलेले होते. भोवरा श्रावणात, विटी दसऱ्यापासून शिवरातीपर्यंत. मृगानंतर विटीला हात लावायचा नाही. वर उडालेली विटी ढगाला लागते आणि ढग फुटून पांगतो, हे शाळेत न जाणाऱ्यालाही माहीत होतं. गुरुजींनाही माहीत होतं. पण आजवर दिवाळीनंतरच खेळ मांडल्यामुळे त्यांना या समजुतीशी भांडायची वेळ आली नव्हती.

एका दुपारी ज्ञानोबा पाटील आणि सरपंच शाळेत आले. ज्ञानोबा गावात सगळ्यांत वडील. पावसाचं खातं त्यांच्याकडे होतं.

"गुरुजी, ढग येतेत आन जातेत. मधी काय होतंय?"

"मधी गुणाकार होतो."

"कशानं होतो?"

"विटीनं."

ज्ञानोबांनी सरपंचाकडं पाहून हात पसरले. त्यांच्या बाजूनं खटला संपला होता.

"हे बघा गुरुजी," गुरुपादप्पा म्हणाले, "मी असलं मानत नाही. मॅट्रिक झालोय. पण गाव मानतंय आणि मला गावात दुकान चालवायचंय. चार पाऊस होऊ द्या, मग खामखा कोण अडवतंय तुम्हाला?"

"नियोजनात गुणाकार जुलैत आहे, अप्पा. वरून आलंय."

"मग वर कळवा की," ज्ञानोबा म्हणाले, "आमच्या गावात आखाडात गुणाकार होत न्हाई म्हनून."

गुरुजींनी वर कळवलं नाही. त्यांनी बोटभर काडीची विटी आणि वीतभर दांडू केला, दार लावून घेतलं आणि खेळ वर्गात आणला. ही विटी फार तर कौलाला लागली असती. त्यांचा तर्क बिनचूक होता आणि दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ असं भरून आलं की बायांनी वाळवणं आत घेतली. तेवढ्यात शाळेच्या खिडकीतून पंचशीलाचा खणखणीत आवाज पारापर्यंत गेला : "दोन झंकू आर!" उत्तर बरोबर होतं. पाऊण तासात आभाळ कोरडं झालं.

त्यानंतर गावानं विचार केला, आणि तो पद्धतशीर केला. गुरुजी तर कैक वर्षं विटी खेळवत आले. मग यंदाच असं का? यंदा नवीन काय? महिना नवीन होता, पण महिन्याला बोलून उपयोग नव्हता. नियोजन नवीन होतं, पण ते कुणी पाहिलं नव्हतं. नवीन म्हणून दिसत होती ती एकच गोष्ट : यंदा एक पोरगी टोला मारत होती, आणि ती बौद्धवाड्यातल्या सरजाबाईची होती. जे बदललं ते कारण, ही शास्त्राची रीत पोरांना शिकवायला वर्षं लागतात. खडकमाळला ती एका संध्याकाळीत आली. गुरुजींच्या गळ्यात लिंग होतं, सरपंचाच्याही. दोषाला उतार कुठं आहे ते वेगळं दाखवावं लागलं नाही.

तळ्याच्या कामावर बाया सरजाबाईला टोपलं देताना हात आखडू लागल्या. पोरीला नाव पडलं, ढगफोडी.

हे कानावर आलं त्याच संध्याकाळी गुरुजी विटीदांडू घेऊन पारावर गेले. माणसं बसलेली होती.

"खेळ मी मांडला," ते म्हणाले. "टोला मार म्हणून मी सांगितलं. दोष असेल तर माझा आहे. पोरीला बोलू नका."

कुणी रागावलं नाही. ज्ञानोबांनी त्यांना बसायला जागा केली.

"तुमचा कशाचा दोष, गुरुजी? तुमी हुकमाचे ताबेदार. इमानानं शिकवलंव. मुद्दाम थोडंच केलंव?"

"पोरीनं तरी मुद्दाम केलं का?"

"तिनं कशाला मुद्दाम करावं? तिचा टोलाच तसा पडतोय, त्याला ती तरी काय करल?"

इतक्या सौजन्यापुढं गुरुजींचं काही चाललं नाही. विटीदांडू त्यांनी पारावरच्या मारुतीपुढं ठेवले. दुसऱ्या दिवशी पंचशीलाची जागा रिकामी होती. शाळा सुटल्यावर ते सरजाबाईकडं गेले. ती चूल पेटवत होती.

"मी विटी बंद केली, सरजाबाई. पाटीवर शिकवतो. पाठवा तिला."

"विटी बंद झाली म्हंजी पाटीवर येतंय का तिला?"

गुरुजींनी खरं ते सांगितलं. "सध्या थोडं थोडं. पण येईल."

"गुरुजी, हे ढगाबिगाचं आमी कवाच सोडलंय. मी मानत न्हाई. पर मानणारनीसंगंच टोपलं उचलायचं हाय मला. त्यांनी हात काढला तर माझं मातीचं माप कोण भरल?" तिनं चुलीत फुंकर मारली. "आज हिला घरी ठेवली, तर दोघी जनी बोलल्या माझ्यासंगं."

पंचशीला कोपऱ्यात तांदळीची भाजी निवडत होती.

तिसऱ्या दिवशी पाऊस आला. रात्रभर पडला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पडत राहिला. शिळ्या वर्तमानपत्रात चार दिवसांनी आलं की बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता. खडकमाळच्या पोरीची शाळा सुटल्याचं त्या उपसागराला कळलं असावं. गावाला तरी यात शंका नव्हती. दुबार पेरणीला बियाणं नव्हतं, ते प्रकरण वेगळं. पण ओल झाली, आणि ढगफोडी हे जे आजवर चिडवायचं नाव होतं ते सिद्ध झालं. पाऊस पडला नसता तर महिन्याभरात लोक विसरले असते.

पुढं दसऱ्यानंतर, विटीचे दिवस आले तेव्हा, गुरुजी पुन्हा एकदा सरजाबाईच्या दारात गेले. गल्लीतली पोरं उघड्यावर विटी खेळत होती.

"आता तर खेळायलाही कुणाची हरकत नाही," ते म्हणाले. "सहामाही परीक्षेला अजून दोन आठवडे आहेत. मी रोज बसवून घेईन."

"आन पुढच्या आखाडात आभाळ न्हाई आलं तर?" सरजाबाईनं विचारलं. "तवा ती शाळंत दिसली तर कुनाचं नाव घेतील? उद्या हिची सोयरीक करायची हाय मला. ढगफोडीला कोण करून घेईल?"

गुरुजी गणिताचे होते. उत्तर नसलेलं उदाहरण त्यांना ओळखता येत होतं. ते परत आले.

एप्रिलअखेर शाळेचा वार्षिक अहवाल गेला. इयत्ता तिसरी, विषय गणित : निकाल शंभर टक्के. नवीन नियोजनाची अंमलबजावणी : पूर्ण. पटावरील घट : एक. घटीच्या कारणासाठी छापील पर्याय होते, मृत्यू, दीर्घ आजार, स्थलांतर, इतर. 'इतर' असल्यास स्वतंत्र कागदावर खुलासा जोडायचा होता. गुरुजींनी कागद घेतला, परत ठेवला आणि स्थलांतर लिहिलं. अहवाल बिनशेरा मंजूर झाला.

पंचशीलाचं घर शाळेच्या मागच्या भिंतीला लागून आहे.