गाडीचं नाक

मानेभंज्यांग या डोंगरातल्या गावाच्या बाजारात हर्कधन राईला सगळे ‘मिस्त्री’ म्हणायचे. फक्त ग्याल्बो तामांगच्या घरात तो ‘दाजू’ होता, थोरला भाऊ. ग्याल्बो गेला आणि त्या घरातही तो मिस्त्रीच झाला.

त्या सकाळी ग्याल्बोची चेपलेली गाडी दुसऱ्या गाडीला दोर बांधून त्याच्या शेडपाशी आणली. मागून ग्याल्बोची बायको, चेतमाया, चालत आली. तिने शेडच्या दारात एक रिकामं खोकं पालथं घातलं आणि त्यावर बसली. नवरा गेल्यापासून ती रडली नव्हती, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं.

“मिस्त्री,” ती म्हणाली, “गाडी माझ्यासमोर उघडायची. तो कुणाच्या हातानं मेला ते मला बघायचंय.”

हर्कधनने मान हलवली. त्यालाही तेच बघायचं होतं.

घडलं ते असं. पावसाळाभर वरचा डोंगर बंद असतो. विश्वकर्मा पूजेला गाड्या धुऊन, शेंदूर लावून, झेंडूच्या माळा घालून सगळे हंगामाला निघतात. त्या वर्षीच्या हंगामात ग्याल्बो वर तांदूळ आणि रॉकेल पोचवायला एकटाच निघाला होता. टुमलिंगच्या चढणीवर एका म्हातारीने हात केला. त्याने हँडब्रेक ओढला, उतरला, आणि चाकाखाली लावायला दगड आणण्यासाठी गाडीच्या मागे गेला. हँडब्रेक धरलाच नाही. म्हातारीने सांगितलं, तो ओरडलासुद्धा नाही, गाडी थोपवायला त्याने दोन्ही हात पुढे केले, जसं काही एखादं रेडकूच थोपवायचं होतं.

या गाड्या चहामळ्यांतल्या साहेबांनी मागे टाकलेल्या, बापाच्या वयाच्या. त्यांत गिअरपेटीला लागून आणखी एक पेटी असते, ती पुढच्या आणि मागच्या चाकांना एकदम जोर वाटून देते. इथे तिला ‘ट्रान्सफर’ म्हणतात. हँडब्रेकचा ड्रम चाकांवर नसतो, या पेटीतून मागे निघणाऱ्या दांड्यावर असतो. पेटीतलं तेल आणि ड्रम यांच्यामध्ये असतं फक्त एक रबरी सील. सील गळलं की तेल थेट ब्रेकमध्ये जातं. आणि ग्याल्बोच्या गाडीचं ते सील श्रावणात हर्कधनने बदललं होतं. स्वतःच्या हाताने.

चाळीसेक वर्षं तो हेच करत आला होता. मळ्याच्या गॅरेजात फडकी धुण्यापासून सुरुवात झाली, मग मळा बंद पडला, मग रस्त्याच्या कडेला ही पत्र्याची शेड. लग्न झालं नाही. विचारलं तर म्हणायचा, “इतक्या म्हाताऱ्या सांभाळतो, आणखी एक कशाला?” गाडी वळणावर असतानाच आवाजावरून तो सांगायचा कुणाची आहे आणि तिला काय होतंय. ग्याल्बो त्याची चेष्टा करायचा. “दाजू, तुला देवानं डोळे चुकून दिले, सगळं काम कानांवरच चालतंय.” रोज संध्याकाळी त्या घरात त्याच्यासाठी एक ताट असायचं. उकडलेला मका, मुळ्याचं लोणचं, कधी डुकराचं मटण. त्याला सख्खी बहीण नव्हती. तो चेतमायाला ‘बहिनी’ म्हणायचा, धाकटी बहीण. तिहारला, म्हणजे तिकडच्या भाऊबीजेला, तीच त्याच्या कपाळावर सात रंगांचा टिळा काढायची, आणि तो वाळून पडेपर्यंत तो तोंड धुवायचा नाही.

आता ती दारात बसली होती आणि तो गाडीखाली आडवा झाला होता.

ड्रम उघडला तसं काळं तेल त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. ब्रेकचे पट्टे तेलात भिजून फुगले होते. चेतमायाने वाकून पाहिलं. पुन्हा खोक्यावर जाऊन बसली.

हर्कधनने सील काढलं आणि उजेडात धरलं. बसवताना कड दुमडली असेल, बोटाचं नख लागलं असेल, अशी त्याची खात्रीच झाली होती. पण सीलचा ओठ, दांड्याला टेकणारी ती कड, कुठेही फाटला नव्हता. आतली बारीक स्प्रिंग जागेवर होती. त्याने ते तीनतीनदा फिरवून पाहिलं. “सील तर चांगलं आहे,” तो म्हणाला. आपण निर्दोष आहोत असं दिसल्यावर माणसाला हलकं वाटायला हवं. त्याला वाटेना. कारण मग तेल आलं कुठून?

त्याने नवं सील घातलं, पट्टे पेट्रोलने धुऊन तापवून कोरडे केले. ग्याल्बोचा धाकटा भाऊ मिग्मार, जो आता ही गाडी चालवणार होता, तो तिला वरच्या चित्रे गावापर्यंत चढवून परत घेऊन आला. खालून तेल टपकत होतं.

“एकच चूक पुन्हा?” चेतमाया म्हणाली. “की हातच तसा आहे?”

“भाउज्यू, असं नको बोलूस,” मिग्मार वहिनीकडे न बघता पुटपुटला.

“का? तुझा भाऊ परत येणारे का गोड बोलून?”

हर्कधन पुन्हा गाडीखाली शिरला. त्याने दांड्यावरून नख फिरवलं. जिथे सील टेकतं तिथे लोखंड झिजून खाच पडली असेल तर नख अडतं. अडलं नाही. दांडा धरून हलवला, तोही खुळखुळला नाही. मग पेटी बाहेरून पुसून लख्ख केली आणि मिग्मारला म्हणाला, “चहावालीकडून वाटीभर मक्याचं पीठ आण.”

“भजी करायचीत का हिची?”

“आण म्हटलं ना.”

पेटीच्या सगळ्या सांध्यांवर त्याने पीठ फुंकलं. तेल जिथून पहिल्यांदा निघेल तिथलं पीठ आधी भिजणार. गाडी पुन्हा वर गेली, पुन्हा आली. बाकी सगळं पीठ कोरडं होतं. फक्त सीलभोवती पिवळट लगदा झाला होता. म्हणजे सील चांगलं, दांडा चांगला, आणि तरी तेल सीलमधूनच येत होतं. कुणीतरी आतून ढकलत असल्यासारखं.

मिग्मार वाटी परत करायला गेला आणि चहाला तिथेच रेंगाळला. हर्कधन तेलाची पातळी बघायला गाडीखाली शिरला. पेटी अजून तापलेली होती. त्याने तेल भरायच्या भोकाचा बोल्ट सैल केला, आणि फुस्सदिशी आवाज झाला. कोंडलेला गरम वारा त्याच्या तोंडावर आला.

तो तसाच पडून राहिला. पाना हातात, हात हवेत.

तापली की पेटीतली हवा फुगते. तिला बाहेर पडायला वरच्या बाजूला बारीक भोक असतं. सगळे ड्रायव्हर त्याला गाडीचं नाक म्हणतात. नाक बंद झालं तर पेटी गुदमरते, आणि गुदमरलेली हवा तेलाला सर्वांत नाजूक जागेतून बाहेर रेटते. मग सील कुणीही बसवलेलं असो.

तो उठला, गाडीत चढला, मधल्या सीटखालची फळी उचलली. भोकात काहीतरी अगदी घट्ट, अगदी सफाईने बसवलं होतं. चिमट्याने ओढल्यावर बाहेर आली ती कापडाची पिळलेली वात. लोण्यात बुडवलेली, शेपूट आत दुमडलेलं. गुंबात, बौद्ध मठात, लावायच्या दिव्यांसाठी चेतमाया वाती वळायची. अशी वात, शेपूट आत घेऊन, या बाजारात दुसरं कुणी वळत नव्हतं.

पूजेच्या दिवशी बायका गाड्या धुतात. आत पाणी जाऊ नये म्हणून नाकात बोळा घालतात. दुसऱ्या बायका हाताला येईल ते फडकं खुपसतात, त्याचं टोक बाहेर लोंबत राहतं, कुणाच्या तरी नजरेला पडतं आणि निघतं. चेतमायाचं काम तसं नव्हतं. ती फळ्या उचलून आतपर्यंत घासायची. हर्कधन त्या दिवशी तिथून जात होता. ग्याल्बो अंगणात विडी ओढत बसला होता आणि म्हणाला होता, “बघ दाजू, मला कधी इतकं घासलं नाही हिनं.” ती पाण्यातूनच बोलली होती, “तू घासूनही निघणार नाहीस.” तिघंही हसली होती.

“काय सापडलं?” दारातून आवाज आला. ती खोक्यावरून उठली होती. “मिस्त्री, तुझ्या हातात काय आहे?”

त्याने मूठ मिटली. तेलकट, उबदार वात तळहातावर रुतली.

तिला खरं सांगणं हे त्याचं देणं होतं. तिने तेवढंच मागितलं होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं. गाल बसले होते, केस विंचरलेले नव्हते, पण ती ताठ उभी होती. इतक्या दिवसांत तिला कशाने उभं धरलं होतं ते त्याला त्या क्षणी कळलं. त्याच्यावरच्या रागाने. तो काढून घेतला तर खाली काहीच नव्हतं. खाली होती ती फक्त ही वात, जी तिने गाडीच्या काळजीपोटी वळली होती.

“सीलचा तुकडा,” तो म्हणाला. “माझ्याकडून तिरकं बसलं होतं. ओठ दुमडला होता.”

“आणि मघाशी म्हणालास की चांगलं आहे.”

“नीट पाहिलं नव्हतं, बहिनी.”

“बहिनी म्हणू नकोस मला!”

ती धावतच आली. तिने त्याच्या छातीवर मुठी मारल्या, मग हातांवर, मग जिथे लागतील तिथे. “तुझं ताट वाढत होते रे मी! तू त्याला मारलंस, आणि मी तुझं ताट वाढत होते!” आणि मारता मारताच तिचा आवाज फुटला. ती खाली बसली आणि रडू लागली, मोठ्याने, लहान पोरीसारखी. हर्कधन भिंतीला टेकून उभा राहिला. तिला जवळ घेण्याचा हक्क त्याने आत्ताच गमावला होता.

मिग्मार चहाचा पेला तसाच टाकून पळत आला. तिने त्याचा दंड धरला, उठली, तोंड पुसलं. “गाडी काढ इथून. यापुढं हिला याचा हात लागायला नको.”

“थोडं काम राहिलंय,” हर्कधन म्हणाला. “तेवढं करू दे. मग न्या.”

ती रस्त्याच्या वळणावर जाऊन उभी राहिली, पाठ करून. तिला दिसत नाही असं बघून त्याने वात शेगडीत टाकली. लोणी तडतडलं, क्षणभर शेडमध्ये गुंबाचा वास पसरला.

पण नुसतं गप्प बसून भागणार नव्हतं. पुढच्या पूजेला ती हीच गाडी धुणार, तशीच निगुतीने, आणि आता गाडीत मिग्मार असणार. ती जशी होती तशीच राहणार होती, तिने बदलावं असं त्याला वाटतही नव्हतं. बदलायचं होतं ते गाडीत. त्याने नाकाच्या जागी पितळी टोक बसवलं, त्याला रबरी नळी जोडली, ती फळीखालून, तारांच्या जुडग्यातून वर नेली आणि समोरच्या पत्र्यामागे, जिथे कुणाचा हात पोचणार नाही तिथे, खाली तोंड करून बांधली. गाठ दोनदा ओढून पाहिली. आणखी एक नवं सील घातलं, पट्टे पुन्हा धुऊन कोरडे केले, तेल भरलं.

“ही नळी कशाला?” मिग्मारने विचारलं.

“माझ्या हाताचा भरवसा नाही म्हणून,” हर्कधन म्हणाला.

मिग्मारने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग मान खाली घातली.

“आता चढावर उभी कर. शेडच्या वर, तीव्र आहे तिथं. हँडब्रेक ओढ आणि उतर. दगड लावायचा नाही.”

“दगड नाही?”

“नाही.”

गाडी चढावर थांबली. हँडब्रेकचा कर्र आवाज आला. मिग्मार उतरून बाजूला झाला. हर्कधन गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला, मधोमध. हात त्याने पुढे केले नाहीत. चाकांच्या खाली एक खडा सरकला, घरंगळत त्याच्या पायाशी आला. गाडी होती तिथेच राहिली. खालून एक थेंबही पडला नाही.

तो तिथून हलेना. वळणावरून चेतमाया ओरडली, “मिग्मार, येतोस की नाही?”

“दाजू,” मिग्मार हळू आवाजात म्हणाला, “सरका ना. मला गाडी मागं घ्यायचीय.”

तेव्हा तो बाजूला झाला.