डोंगरातल्या खानावळीतलं धिरडं

सासरे गेले आणि सासूबाई पुण्याहून आमच्याकडे सिंगापुरात, जुरोंग ईस्टला राहायला आल्या. आल्यापासून त्यांनी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणंच सोडून दिलं. कुणालाही वाटेल, सुटले बाई मी! पण वर्षानुवर्षं "आमटी पाणचट झालीय", "ही पोळी आहे की पापड?" ऐकलेल्या माणसाला "छान आहे हो" ऐकून धडकी भरते. दोन घास खायच्या, छान आहे म्हणायच्या आणि ताट सरकवायच्या. त्यांचे ब्लाउज अंगावर लोंबायला लागले होते. नवरा कामावरून आला की बूट काढायच्या आधी विचारायचा, "आई काय जेवली?"

दोन हजार चौदाचं साल असेल. लेकीच्या शाळेला जूनची सुट्टी लागली होती. नवरा मरीन इंजिनिअर. लग्नाआधी त्याची बोट जिनोआला लागायची. तिथल्या डोंगरात एक जुनं दगडी गाव आहे आणि त्यात एक खानावळ. तिचं वर्णन ऐकून ऐकून आमचे कान किटले होते. "आईला हवापालट होईल," तो म्हणाला.

"शाकाहारी बाईला इटलीत खायला काय घालणार? हवा?" मी म्हटलं. पण खरं सांगायचं तर ती खानावळ बघायची मलाच भारी उत्सुकता होती.

गाव म्हणजे नुसता चढ. खानावळीचं दार इतकं बुटकं की नवऱ्याला वाकावं लागलं. आत लाकडी बाकं, छताला टांगलेल्या कांद्याच्या माळा आणि भिंतीतच बांधलेली लाकडाची भट्टी. जेवण सुरू व्हायला अवकाश होता. नवऱ्याने खिडकीजवळचं टेबल हेरलं, त्यावर खिशातलं टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि आम्ही चर्च बघायला गेलो. सिंगापुरात हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, सगळे हेच करतात. पाकीट ठेवलं की टेबल तुमचं. मग जगबुडी आली तरी तिथे कुणी बसत नाही.

परत येतो तर आमच्या टेबलावर एक अख्खं खानदान सूप भुरकत बसलेलं!

"बट वी चोप्ड ऑलरेडी, लाह!" लेक किंचाळली. जागा धरायला तिकडे 'चोप' म्हणतात, पण हे त्या डोंगरात कुणाला ठाऊक? मालकीणबाईंनी ते पाकीट ॲप्रनच्या खिशातून काढलं आणि पाहुण्याची विसरलेली वस्तू परत करण्याच्या आनंदाने नवऱ्याच्या हातात दिलं. त्यानेही ते खिशात घातलं. आता एकच बाक उरलं होतं, भट्टीच्या अगदी तोंडाशी. मी घामाघूम होऊन मनातल्या मनात नवऱ्याचा उद्धार करत बसले.

समोरच मालकीणबाई परातीएवढ्या तांब्याच्या थाळ्यात पिवळं, पातळ पीठ ओतत होत्या. सासूबाईंची मान हळूहळू वर झाली.

"अगं, हे बेसन तर नव्हे?"

आणि मी काही म्हणायच्या आत त्या पदर खोचून उठल्याच. बाईंनी त्यांना पिठाचा डबा दाखवला. सासूबाईंनी चिमूटभर पीठ हुंगलं, जिभेवर ठेवलं. "हरभऱ्याचंच!" मग दोघींचं जे काही सुरू झालं! एक मराठीत विचारतेय, दुसरी इटालियनमध्ये सांगतेय, आणि दोघीही ऐकायला तयार नाहीत. नवऱ्याने मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये खात्री करून घेतली: पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल, मीठ. मांसाचा संबंध नाही.

थाळा बाहेर आला तेव्हा कडा मस्त खरपूस झाल्या होत्या. बाईंनी पहिला तुकडा सासूबाईंनाच वाढला. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्या चावत होत्या, चावत होत्या. आता "छान आहे हो" येणार, असंच मला वाटलं.

"भाजलंय बरं," त्या म्हणाल्या. "पण यात ओवा कुठाय? नुसतं बेसन बाधेल नाही तर काय होईल? एवढी मोठी बाई, कळायला नको?" मग माझ्याकडे वळल्या. "तू कशाला हसतेस? तुझंही धिरडं असंच फिक्कं असतं."

नवऱ्याने तोंड फिरवलं. मला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

"अजून काय कमी आहे, आई? सांगा ना," मी म्हटलं आणि त्यांच्या ताटात दुसरा तुकडा वाढला. त्या सांगत राहिल्या, आणि खात राहिल्या.