साखर भरून आलेल्या डब्या

मुलांनो, तुमच्या बाबांना पन्नाशी लागली म्हणून तुमच्याकडच्या दवाखान्याने घरी तपासणीचं एक पाकीट पाठवलं आणि ते त्यांनी न उघडताच कपाटात सारलं, असं तुमची आई परवा फोनवर म्हणाली. त्यात काय असतं ते मला ठाऊक आहे. म्हणून तुमची आजी हे आजच लिहिते.

तेव्हा मी बाभुळगावच्या शाळेतून इंग्रजी शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. कापसाला भाव नव्हता, गावं गप्प झाली होती, आणि त्या काळात यवतमाळहून एक डॉक्टरीणबाई आमच्याकडे शिबिरं घ्यायच्या. एकदा त्यांनी बायकांसाठी झाकणाला चमचा असलेल्या चाळीस छोट्या डब्या आणि वर एक-दोन जादाच्या आणल्या. सकाळच्या शौचातलं चिमूटभर त्यात घालून द्यायचं. डोळ्यांना न दिसणारं रक्तही तपासणीत कळतं, आतड्याचा कर्करोग वेळेत सापडतो. वाटपाचं काम माझ्याकडे आलं. मी वही आखली, नंबर टाकले, चिठ्ठ्या चिकटवल्या.

आठवड्याने चाळीसच्या चाळीस डब्या परत आल्या. मी खूश! बाईंनी हातमोजे घालून पहिली उघडली. साखर. दुसरीत तीळगूळ. एकीत तर कैरीचं लोणचं. कामाच्या निघाल्या अकरा.

"अहो, हे काय?" बाईंनी विचारलं.

"खाली डबी वापस देतेत काय, मॅडम?" एक जण म्हणाली, आणि ओट्यावर जमलेल्या बायका हसून लोटपोट झाल्या.

हसू ओसरल्यावर खरं बाहेर आलं. घरी संडास नाही, पहाटे कापूस वेचायला जायचं, पारावरच्या माणसांसमोरून ती डबी नेणार कशी? आणि काही निघालं तर?

वेलदोडा घातलेली साखर मी ओळखली. ती आमच्याच घरची होती. माझ्या थोरल्या नणंदेची, म्हणजे तुमच्या आत्याआजीची. त्या आमच्याकडेच राहत. महिनाभरापासून त्यांनी तिखट सोडलं होतं, आणि मोरीतले डाग मी पाहिले होते. मला त्यांच्याच तब्येतीची धास्ती होती.

"वन्सं, तुम्हाला रक्त पडतं. मला माहीत आहे," घरी आल्यावर मी म्हणाले.

"मूळव्याध हाय ते. अन् तुयी डबी कुठी हाय वं? लोकाईले वाटून राह्यली, सोताची भरली काय?"

माझी डबी कपाटात कोरी होती. वहीत पहिलं नाव माझंच होतं, त्यापुढे बरोबरची खूणही मी आधीच करून ठेवली होती. डब्या गोळा करायच्या दिवशी ती घरीच विसरले म्हणून जादाच्यांतली एक देऊन आले होते. तीही रिकामीच. मी सगळं कबूल केलं.

"मास्तरीण, अन् कॉपी!" त्या पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "तू देशीन तं मी देईन."

दुसऱ्या सकाळी एकीमागून एक आम्ही आपापलं काम उरकलं, शाळेतल्या पोरींसारख्या खिदळत. डब्या कापडी पिशवीत, वर मेथीची जुडी. वाटेत शेजारणीने विचारलंच, "काय नेऊन राह्यल्या?"

"वाण!" वन्सं म्हणाल्या, आणि तिला सगळं सांगूनही टाकलं.

पुढच्या आठवड्यात बायका जोडीजोडीने आल्या. एकटीला धीर होत नव्हता, दोघींना झाला. आमचा संडास त्या दिवसांत गावाचा झाला होता. डब्या झाकायला आमची मेथीची जुडी पुरेना.

माझ्या तपासणीत काही निघालं नाही. वन्संच्या निघालं. नागपुरात नळी घालून वाटाण्याएवढी गाठ काढली. ती कर्करोगाच्या वाटेला लागली होती, पोहोचली नव्हती. घरी येताच त्यांनी तिखट भाकरी-ठेचा मागितला.

तर बाबांना सांगा, त्या पाकिटातही अशीच डबी आहे; एकट्याने होत नसेल तर आईसाठीही एक मागवा.

वन्सं आता शहाऐंशीच्या आहेत. आत्ता स्वयंपाकघरात शेजारणीची वाटी परत द्यायची म्हणून तिच्यात साखर भरत आहेत.