ट्यूब उतरवल्या आणि ओरखडे दिसले

“बायका कामाला कंटाळल्यात, दुसरं काही नाही. सोमवारपासून नवीन मुली घेतोय,” देवस्थळीसाहेब म्हणाले.

“मग मला कशाला बोलावलंत?”

“आणखी ट्यूब कुठे लावायच्या, तेवढं सांगा.”

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी इल्युमिनेशन इंजिनियर, म्हणजे कुठे किती आणि कसा उजेड हवा ते ठरवणारी. देवस्थळी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याचे मॅनेजर. तिथे दारांच्या चकचकीत क्रोमच्या मुठी बनायच्या. तपासणीच्या टेबलावर सुमनताई आणि त्यांच्या सोबतिणी एकेक मूठ फिरवून ओरखडे शोधत. वर्षानुवर्षं कुणाची तक्रार नव्हती. आता माल परत येत होता आणि दुपारनंतर सगळ्या जणी डोकं धरून बसत होत्या. साहेबांनी ट्यूब वाढवल्या, तशी डोकेदुखीही वाढली.

मी त्यांच्यातच स्टुलावर जाऊन बसले. थोड्या वेळात माझंही डोकं ठणकायला लागलं आणि खरं सांगते, मला आनंद झाला. या बायकांचे डोळे बिघडले नव्हते, खोली बिघडली होती.

“कधीपासून होतंय हे?” मी विचारलं.

“दसऱ्यापासनं बघा,” सुमनताई म्हणाल्या. “ठाकुर्लीला डॉक्टरकडे जाऊन चष्मा पण करून आले. काय फरक नाय. मॅडम, ह्यांची गिरणी बंद पडलेय. माझी नोकरी गेली तर खायचं काय?”

दसरा! मी वर बघितलं. खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते, त्याआधी कारखाना धुऊनपुसून रंगवतात. यंदा उत्साहाच्या भरात टेबलांनाही पांढरा ऑइलपेंट फासला होता. ट्यूबवरचे पत्र्याचे शेड धुवायला काढले होते आणि उघड्या ट्यूबचा उजेड जास्त पडतो म्हणून परत लावलेच नव्हते.

याला आम्ही ग्लेअर म्हणतो. उजेड कामावर पडायच्या ऐवजी डोळ्यांत घुसतो. इथे तर ट्यूब टेबलात चमकत होती, मुठीतही चमकत होती. त्या पांढऱ्या पट्ट्याखाली ओरखडा झाकला जायचा.

“साहेब, निम्म्या ट्यूब उतरवा.”

“अहो, बायकांना आधीच दिसत नाही!”

“एक दुपार द्या. नाही जमलं तर परत माझं तोंड बघू नका.”

शेड परत चढवले. टेबलं अशी वळवली की उजेड बाजूने येईल. त्यांच्यावर खाकी कागद पसरला आणि शेडना खालून ट्रेसिंग पेपर लावून उजेड मऊ केला. “अंधार केलात तुम्ही,” असं साहेबांचं चालूच होतं.

मग त्यांनी सकाळी पास झालेलं एक खोकं मुद्दाम पुन्हा टेबलावर ठेवलं. सुमनताईंनी पहिली मूठ फिरवली आणि बाजूला टाकली. दुसरी ठीक होती. तिसरी बाजूला.

“ह्यो बघा. आन् ह्यो! सकाळी कुठं दडले होते मेले?”

साहेब वाकून बघत राहिले. मग म्हणाले, “सुमनताई, सोमवारी वेळेवर या.”

सुमनताईंनी मान वळवून पदर डोळ्यांना लावला. पुढे मी मोठमोठी ऑफिसं उजळली, पण त्या दुपारी फुगली तेवढी छाती पुन्हा कधी फुगली नाही.

उजेड कमी पडला की माणूस दिव्याला नावं ठेवतो. जास्त झाला की स्वतःच्या डोळ्यांना.