प्लास्टरमामांचा स्वतःचा हात

आमच्या ह्यांना हॉस्पिटलात सगळे प्लास्टरमामा म्हणतात. मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. पट्टीचा रोल कोमट पाण्यात बुडवायचा, बुडबुडे थांबले की हलकेच पिळायचा आणि तळव्यानं गुळगुळीत करत गुंडाळत न्यायचा. घरी ह्यांना साधी उशीला खोळ घालता येत नाही, पण तिथे हात असे फिरतात की बघत राहावं. काम झालं की पेशंटला म्हणणार, "माझं संपलं. आता आतला कारागीर बघेल. त्याला कोणी डोकावलेलं खपत नाही, तेव्हा गुपचूप बसायचं."

मी चिडवायचे, "तुमच्या ह्या कारागिराला पगार कोण देतं हो?" मला वाटायचं, रडकी पोरं गप्प करायची ही युक्ती असेल. कारागीर म्हणजे ह्यांच्या लेखी देव. देवाला मी मानत होते, पण कुणाच्या नडगीत जाऊन बसायला तो काही रिकामा नसणार, असं आपलं माझं मत.

मग एका सकाळी हॉस्पिटलात हे आपणच सांडलेल्या पाण्यावरून घसरले आणि उजव्या हाताचं हाड मोडून बसले. सगळं हॉस्पिटल हसलं, हेसुद्धा हसले. प्लास्टर घालणाऱ्या सहकाऱ्याला सूचना देऊन देऊन त्यांनी वात आणला. महिन्याभरानं एक्स-रे काढला तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. हाडाच्या दोन टोकांमधली काळी फट जशीच्या तशी होती.

डॉक्टर म्हणाले, "अजून थोडं थांबू. नाहीच जुळलं तर ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवावी लागेल. पण मग हात पहिल्यासारखा वळेलच, असं सांगता येत नाही."

हात वळला नाही तर प्लास्टर कसं गुंडाळणार? हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही, पण घरात तेवढा एकच प्रश्न होता. आधी आधी हे मला भाजी कशी चिरायची ते शिकवायचे आणि मी डाफरायचे. मग हळूहळू बोलायचेच बंद झाले. खिडकीपाशी बसून नुसते प्लास्टरकडे बघत राहायचे. ती शांतता मला खायला उठायची. मी भांडी आपटायचे आणि मनातल्या मनात देवाला टोमणे मारायचे. आहेस का रे बाबा कुठे, की सगळा कारभार आमच्यावरच सोडलायस?

एका दुपारी दळण घेऊन आले तर हे मोरीत पाटावर बसलेले. डाव्या हातात माझी भाजीची सुरी, मांडीवर पांढरा चुरा. प्लास्टर कोपरापासून मधोमध चिरलेलं. पेशंटनं खाजवायला प्लास्टरात विणायची सुई घातली तरी आकाशपाताळ एक करणारा हा माणूस!

"अहो, डोकं फिरलंय का? आतलं हाड काय कातडीतून दिसणार आहे?"

"मला एकदा बघू दे गं," ते म्हणाले. आवाज ओळखू येईना. "जन्मभर लोकांना सांगत आलो, धीर धरा, देव आत काम करतोय. आणि आत कोणीच नसेल तर?"

मी घाबरले होते. जे बोलणं मी थट्टेवारी नेलं, त्याच्यावरच हा माणूस उभा होता, हे मला तेव्हा कळलं. सुरी काढून घेतली, हाताला फूटपट्टी लावून वर जुनी ओढणी घट्ट बांधली आणि ह्यांना घेऊन हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टरांनी आधी यथेच्छ झापलं. मग म्हणाले, प्लास्टर निघालंच आहे तर एक्स-रे काढून घेऊ. फिल्म उजेडापुढे धरली. फटीच्या जागी काहीतरी धुरकट दिसत होतं, काचेवर कुणी श्वास सोडावा तसं.

"नवीन हाड धरायला लागलंय," डॉक्टर म्हणाले. "वेळ लागेल, पण ऑपरेशनची गरज पडेल असं वाटत नाही."

ह्यांनी डाव्या हाताचं बोट त्या धुरकट जागेजवळ नेलं, पण टेकवलं नाही. "आणि मी सुरी घेऊन बसलो होतो," एवढंच म्हणाले. नवीन प्लास्टर घालताना ह्यांनी एकही सूचना केली नाही.

माझी नजर त्या फिल्मवरून हटेना. मी भांडी आपटत होते तेव्हाही तिथे काम चालू होतं. हे घोरत होते तेव्हाही. ना कसला आवाज, ना कुणाला विचारणं. मी ज्याला कुठे आहेस म्हणून टोमणे मारत होते, तो माझ्या उशीपासून वीतभर अंतरावर हाड विणत बसला होता.

बसमध्ये मी चकार शब्द काढला नाही. हे दोनदा माझ्याकडे वळून बघून म्हणाले, "बरं वाटत नाहीये का गं?"

"वाटतंय," मी म्हटलं. "पण आत्ता मला बोलायला लावू नका."