दोघींमधलं बोलणं

भिंगारला छावणीतल्या जवानांचे गणवेश शिवण्यात शांतवन गायकवाडांची उमर गेली. बायको कर्करोगानं गेली तेव्हा त्यांनी दुकानाचं शटर जे पाडलं ते महिनोन् महिने उघडलंच नाही. जेवण सुटलं, चर्च सुटलं. मुलगी कृपा तेव्हा नर्सिंग शिकत होती. तिनं बापाला लहान मुलासारखं भरवून पुन्हा माणसांत आणलं. पुढं ती पुण्याच्या एका इस्पितळात सिस्टर म्हणून लागली, आणि दिशा नावाच्या सोबतिणीबरोबर खोली घेऊन राहू लागली.

शांतवनचा मोबाईलवर भरवसा नव्हता. घरातलं, दुखण्याखुपण्याचं काही त्यावर लिहू नये असं त्यांचं म्हणणं. नाताळात कृपा घरी आली, तेव्हा मावसबहिणीच्या लग्नाचे फोटो जुन्या लॅपटॉपवर घ्यायला तिनं आपलं मेसेजचं ॲप त्याला जोडलं. शांतवननी विचारलंच, की हे मधल्या मधे कुणी वाचत नाही कशावरून?

कृपा हसली. "पप्पा, पाठवणाऱ्याकडं कुलूप लागतं ते घेणाऱ्याकडंच उघडतं. कंपनीलासुद्धा वाचता येत नाही."

ते त्यांना पटलं. रविवारची उपासना बघायला लॅपटॉप त्यांच्याकडंच ठेवून ती पुण्याला गेली. जोडलेलं ॲप काढायचं मात्र राहून गेलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी शांतवनचा गुडघा सुजला. चर्चला जाणं होईना म्हणून त्यांनी लॅपटॉप उघडला, तर समोर ॲपचंच पान आलं. दिशानं विचारलं होतं, रिपोर्ट आला का? खाली कृपाचं उत्तर होतं. "आला. आईचंच दुखणं. पप्पांना कळू द्यायचं नाही. या वेळी ते उठायचे नाहीत."

त्यांनी झाकण मिटलं. थोड्या वेळानं फोन लावला. कृपा हसून बोलली, गुडघ्याला शेक द्या म्हणाली. विचारायचं ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं. लेकीनं एवढा आटापिटा करून आपल्याला सांभाळलंय, तर आपणही न कळल्यासारखं राहावं असं त्यांना वाटलं.

पण लॅपटॉप उघडल्यावाचून त्यांच्यानं राहवेना. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते त्याच्यासमोर बसायचे. केमो कधी आहे, तोंडात फोड किती आलेत, सगळं कळायचं. एकदा तिनं लिहिलं होतं, पप्पांचा आवाज ऐकला की रडू फुटतं, म्हणून मी फोन लवकर ठेवते. इतके दिवस त्यांना वाटायचं, पोरीला ड्युटीची घाई असते.

केस कंगव्यात यायला लागले, उशीसुद्धा टोचते, असं वाचलं त्या दिवशी ते दुकानात गेले. मऊ मलमल काढली आणि टोप्या शिवल्या. उघड्या पडलेल्या डोक्याला घासू नये म्हणून शिवण बाहेरच्या बाजूला घेतली. पुण्यातलं ऊन फार, असा निरोप देऊन शेजारच्या रोहिणीबरोबर त्या पाठवून दिल्या.

संध्याकाळी कृपाचा फोन आला. "पप्पा, शिवण बाहेरून का घातलीत?"

शांतवन उन्हाचंच काहीतरी सांगू लागले.

"दिशानं सांगितलं ना तुम्हाला?"

आता गप्प राहिलं तर त्या पोरीवर आळ येणार होता. शांतवननी लॅपटॉपचं सगळं खरं सांगून टाकलं.

"आजाराचं कळलं त्याचं काही नाही, पप्पा," ती म्हणाली. "पण मला रडायला एकच जागा होती. तिथं तुम्ही दाराआड उभे होतात."

तिनं तिकडून ॲपची जोडणी काढली, तसं लॅपटॉपवरचं पान कोरं झालं. दुसऱ्या दिवशी शांतवन माळीवाडा स्टँडवरून पुण्याची गाडी धरून गेले. दार कृपानं उघडलं. डोक्यावर त्यांनीच शिवलेली टोपी होती. तिनं त्यांना ठेवून घेतलं, त्यांच्या हातची पेज खाल्ली, इस्पितळात त्यांचा हात धरून गेली. रागाचा एक शब्द काढला नाही. पण काय दुखतंय विचारलं की "बरं आहे" एवढंच म्हणायची. दूर भिंगारला बसून ज्यांना लेकीचा फोड न् फोड ठाऊक होता, त्यांना आता उशापाशी बसून काही कळत नव्हतं.

दिशालाही ती लिहीनाशी झाली. दिशा ड्युटीवरून मेसेज करायची, तर उत्तर यायचं, ठीक. ॲपमध्ये आता दोघींखेरीज कुणी नव्हतं, हे कृपाला पक्कं माहीत होतं. तरी लिहायला तिचा हात वळत नव्हता. फोन उशीशेजारी पालथा पडलेला असायचा.

पाऊस सरता सरता कृपा गेली. नगरला आईशेजारी तिला माती दिली.

काही दिवसांनी दिशा भिंगारला आली. कृपाचं सगळं लिहिलेलं आपल्या फोनमध्ये आहे, असं तिनं सांगितलं. "तुमच्याबद्दल लई आहे त्यात, काका. वाचायचंय का?" म्हणत तिनं फोन पुढं केला.

शांतवननी फोनकडं पाहिलं. त्यांचा हात उचललाही गेला. मग त्यांनी फोन हळूच तिच्याकडं सरकवला.

"ती तुझ्याशी बोललीय, बाळ. राहू दे तुझ्यापाशी."

दिशानं फोन पर्समध्ये टाकला आणि तिला रडू कोसळलं. शांतवन तिच्याकडं न बघता चहा ठेवायला आत गेले.